खडे जडवलेला चॅलिस साफ करताना पाण्यात बुडवू नका

चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला, वर रंगीत खडे जडवलेला चॅलिस (चर्चमधला वाइनचा चषक) किंवा मॉन्स्ट्रन्स (पवित्र भाकर दर्शनासाठी ठेवायचं पात्र) काळा पडला की पहिला विचार येतो कोमट पाणी, साबण आणि घासणी. थांबा, तिथेच नुकसान होतं. जुन्या कामात बऱ्याच खड्यांचं कोंदण मागून बंद असतं आणि गार्नेटसारख्या खड्यामागे चमक यावी म्हणून पातळ धातूचा वर्ख ठेवलेला असतो, पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा मंद दिसायला लागतो, वरून कितीही पुसा.

म्हणून आधी भिंग घेऊन बसा. एकेक खडा पाहा, बोटाने हलकेच दाबून हलतोय का बघा, हलत असेल तर साफसफाई बंद, सरळ जाणकाराकडे. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, एखादा खडा निखळला तर कुठला होता ते कळतं.

मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. मेण साचलं असेल तर चाकू नको, लाकडी काडीने अलगद उचला. मधल्या साध्या भागावर डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला केलेला इअरबड फिरवा आणि लगेच कोरड्याने टिपा, खड्यांच्या कडेपासून लांबच. फिरोजा सच्छिद्र असतो, तेल आणि साबण पितो. मोती आणि मॅलाकाइट तर लिंबू-व्हिनेगरने खराब होतात, शिवाय मॅलाकाइटची कठीणता मोह्स स्केलवर (खनिजांच्या कठीणतेची 1 ते 10 अशी मोजपट्टी) 3.5 ते 4 आहे, अ‍ॅमेथिस्टची 7, त्यामुळे एकाच कापडाने सगळं रगडणं चुकीचंच.

आता काळेपणा. तो सिल्व्हर सल्फाइड असतो, आणि पॉलिश लावलं की प्रत्येक वेळी थोडी चांदी जाते, मुलामा असेल तर सोनंच जातं! मुलाम्यावर पॉलिश अजिबात नको. सिल्व्हर डिप (चांदी बुडवून उजळवायचं रसायन), फॉइल-सोडा (फॉइल आणि सोड्याचं गरम पाणी), अल्ट्रासोनिक मशीन, यातलं काहीही जडावाच्या कामाला लावू नका, मला हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं कारण नक्षीच्या खाचांतला काळेपणाच ती नक्षी उठून दाखवतो, तो काढला की कारागिराचं काम सपाट दिसतं.

वाइन मात्र आम्लधर्मी असते, म्हणून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर प्रीस्टनी (धर्मगुरूंनी) नेहमीप्रमाणे चषकात पाणी फिरवून ते प्यायल्यावर आतली बाजू लगेच मऊ कापडाने कोरडी करा. हात लावताना नायट्राइलचे ग्लोव्हज, दांडा धरून उचलू नका, दोन्ही हातांनी खालून उचला. ठेवताना अ‍ॅसिड-फ्री टिश्यू. लोकर आणि रबर बँड जवळ नको, त्यातलं सल्फर चांदी काळी करतं. अ‍ॅमेथिस्ट असेल तर उन्हापासूनही दूर, रंग फिका होतो.