फिनलंडच्या विज्ञानवर्गात काय पाहावे आणि ठाण्याच्या वर्गात ते कसे वापरावे

ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या विज्ञान शिक्षकांना फिनलंडच्या शाळांमध्ये पाहुणे म्हणून वर्ग पाहण्याची संधी मिळते, किंवा जे पदरचे पैसे खर्चून तेथे जाण्याचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. अशा भेटीवरून परतलेल्यांच्या बोलण्यात सुसज्ज प्रयोगशाळा, लहान वर्ग आणि सर्व मुलांना शाळेत मिळणारे मोफत जेवण यांचेच वर्णन अधिक असते. ते ऐकून पंचावन्न मुलांच्या वर्गासमोर उभा राहणारा शिक्षक, हे आपल्याला परवडणारे नाही, असे म्हणून विषय सोडून देतो. माझ्या मते त्या वर्गांत पाहण्यासारखी मुख्य गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे शिक्षक उत्तर केव्हा सांगतो. स्पष्टीकरणाआधी अंदाज बांधायला, हाताने करून पाहायला आणि आपसांत वाद घालायला मुलांना किती वेळ मिळतो, एवढे नीट टिपून आणले तरी प्रवासाचे चीज होते, कारण ते आपल्या वर्गात उतरवण्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

जाण्यापूर्वी तेथील राष्ट्रीय मूलभूत अभ्यासक्रम वाचून घ्यावा. तो 2014 साली तयार झाला, ऑगस्ट 2016 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि इंग्रजीत उपलब्ध आहे. पहिली ते सहावीपर्यंत जीवशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि आरोग्यशिक्षण हे सारे एकाच पर्यावरणविषयक विषयात शिकवले जाते. बालभारतीचा परिसर अभ्यास शिकवलेल्या शिक्षकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. सातवीपासून मात्र तेथे हे विषय वेगळे होतात, तर आपल्याकडे सामान्य विज्ञानाचे एकच पुस्तक पुढेही चालू राहते, त्यामुळे सातवीचा वर्ग पाहताना तुलना कशाशी करायची हे आधीच ठरवून ठेवलेले बरे. या राष्ट्रीय आराखड्याच्या चौकटीत स्थानिक अभ्यासक्रम पालिका आणि शाळा तयार करतात, पाठ्यपुस्तकाची निवड स्थानिक पातळीवर होते, शाळांची सरकारी तपासणी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली, आणि साऱ्या देशासाठी एकच असलेली मोठी परीक्षा थेट उच्च माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस येते. शिक्षक एका प्रश्नावर दोन-तीन तासिका रेंगाळू शकतो त्यामागे ही सारी व्यवस्था असते. हे ठाऊक नसेल तर आपण त्याचे सगळे श्रेय त्या एका व्यक्तीच्या कौशल्याला देऊन बसतो.

भक्तिभावाने जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. 2006 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत फिनलंडच्या मुलांचे विज्ञानातील सरासरी गुण 563 होते आणि तो देश जगात पहिला होता. 2022 मध्ये ते 511 वर आले. ही घसरण का झाली यावर तेथील शिक्षकही एकमत नाहीत, आणि त्यांना याविषयी विचारले तर ते मोकळेपणाने बोलतात.

भेटीचा काळ निवडताना आपली मे महिन्याची सुट्टी उपयोगी पडते. तेथील शाळा ऑगस्टच्या मध्यास सुरू होऊन मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या शनिवारी संपतात, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात वर्ग नेहमीसारखे चालू असतात आणि दिवस मोठा असल्याने मैदानावरचे व रानातले तासही पाहायला मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर तेथील ऑक्टोबरमधील शरद-सुट्टीच्या तारखा आधी तपासाव्यात. डिसेंबर शक्यतो टाळावा, कारण तेव्हा हेलसिंकीत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. शाळेच्या मुख्याध्यापकांना काही महिने आधी ईमेल करून परवानगी मागावी लागते, आणि काही ठिकाणी भेटीसाठी शुल्कही आकारले जाते. विद्यापीठांना जोडलेल्या प्रशिक्षण शाळा, उदाहरणार्थ हेलसिंकीतील वीक्की येथील शाळा, वर्ग पाहायला येणाऱ्यांना सरावलेल्या असतात, तेथून सुरुवात करणे सोपे जाते. मुलांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. मी तर कॅमेरा बॅगेतच ठेवण्याचा सल्ला देईन, कारण छायाचित्रात प्रयोगशाळा येते, वाट पाहणारा शिक्षक येत नाही.

वर्गात गेल्यावर मागच्या कोपऱ्यात बसण्याचा मोह आवरावा. शिक्षकाच्या संमतीने मुलांच्या एखाद्या टेबलाजवळ बसावे आणि पूर्ण तासभर एकाच जोडीकडे लक्ष ठेवावे. वहीत डावीकडे घड्याळाची वेळ, मध्ये शिक्षकाचे बोलणे किंवा कृती आणि उजवीकडे त्या जोडीने केलेले काम, अशी नोंद करत जावे. शिकवण्याची भाषा फिनिश किंवा स्वीडिश असते. शब्द कळत नसल्याने आपले लक्ष आपोआप हातांकडे आणि वेळेकडे जाते, आणि या कामापुरता तो फायदाच आहे. शिक्षकाने स्वतः बोलणे थांबवले ती वेळ लिहावी. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला त्याने प्रश्नानेच उत्तर दिले, तर तो प्रश्न नंतर विचारून घेऊन शब्दशः उतरवावा. प्रयोग फसल्यावर काय झाले याची नोंद सर्वांत मोलाची ठरते.

मी पाहिलेल्या रसायनशास्त्राच्या एका तासाला मीठ आणि वाळू यांचे मिश्रण वेगळे करायचे होते. टेबलावर साहित्य मांडलेले होते, कृती मात्र कोठेही लिहिलेली नव्हती. माझ्या शेजारच्या जोडीने मिश्रणात पाणी घातले आणि गाळण्याआधीच ते तापवायला घेतले. शिक्षिका जवळून गेल्या, थांबून पाहिले आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे वळल्या. पाणी आटले तेव्हा बशीत पुन्हा मीठ आणि वाळू एकत्रच उरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, पुन्हा पाणी ओतले आणि या वेळी गाळणकागद हातात घेतला. गाळण्याचे कारण त्या मुलांना फळ्यावरून मिळाले नाही, त्या बशीतून मिळाले. अर्थात प्रत्येक तास असा नसतो. पुस्तक उघडून, वाचून, प्रश्न सोडवून संपलेले तासही मी पाहिले. तेही आपल्या वहीत तितक्याच प्रामाणिकपणे उतरले पाहिजेत, नाहीतर परत येऊन आपण सहकाऱ्यांना दंतकथा सांगू.

तास साधारण 45 मिनिटांचा असतो आणि मध्ये बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटांची सुट्टी असते. त्या वेळी शिक्षक मैदानावर देखरेखीला असेल तर त्याच्याबरोबर चालत बोलावे. "तुमची अध्यापनपद्धती कोणती?" असे विचारल्यास पुस्तकी उत्तर मिळते, "त्या जोडीला तुम्ही का थांबवले नाही?" असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

परतल्यावर संपूर्ण विज्ञान विषय बदलायला निघू नये. एक घटक निवडावा, आणि जूनमध्ये वेळापत्रक पक्के होण्यापूर्वी पर्यवेक्षकांना भेटून आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून मागाव्यात, कारण पस्तीस मिनिटांत अंदाज, प्रयोग आणि चर्चा हे तिन्ही बसत नाही. आठवीच्या ‘बल व दाब’ या पाठातील आर्किमिडीजचे तत्त्व आणि घनता यांसाठी ठाण्याची खाडी हाताशी आहे, म्हणून तोच तास येथे सविस्तर मांडतो.

पाच-पाच मुलांचे अकरा गट करावेत. प्रत्येक गटाने संपलेल्या बॉलपेनची एक पारदर्शक नळी आणावी. नळीच्या बाजूला बारीक छिद्र असल्यास ते मेणाने बुजवावे, खालचे टोक तेलकट खेळमातीने बंद करावे आणि नळी पाण्यात उभी तरंगेल इतके बारीक छर्रे किंवा खिळ्यांचे तुकडे आत टाकावेत. शाडूची माती पाण्यात विरघळते, ती वापरू नये. नळीत मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी सरकवली की पाण्याची खारटता मोजण्याचे साधन तयार होते. नळीचा सुमारे बारा सेंटिमीटर भाग पाण्यात आणि थोडा वर राहील असे वजन साधावे, आणि यासाठी गटांना भरपूर वेळ द्यावा. येथेच मुले वजन कमी-जास्त करून तरंगण्याचा नियम शिकत असतात.

त्यानंतर एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवून साधारण समुद्राइतके खारट पाणी तयार करावे. नळी त्यात सोडण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत शाईने लिहावे: नळी नळाच्या पाण्यात बुडाली होती त्यापेक्षा खोल जाईल, वर येईल की तेवढीच राहील, आणि का? मिठाने पाणी जड झाले म्हणजे नळीही जास्त बुडेल, असे लिहिणारी मुले निश्चित निघतील. त्यांना त्या क्षणी काहीही सांगू नये. "सर, नक्की काय लिहायचं?" हा प्रश्न येईलच, त्याला "तुला काय वाटतं ते" एवढेच उत्तर द्यावे. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक असते, म्हणून बारा सेंटिमीटर बुडालेली नळी जेमतेम तीन मिलिमीटर वर येते. हा फरक इतका लहान आहे की मुले पट्टीवरून भांडतात, डोळा पाण्याच्या पातळीत आणायला आपणहून शिकतात आणि पुन्हा पुन्हा मोजतात. शिक्षकाने हा वाद मिटवू नये, फक्त सर्व गटांची मापे फळ्यावर लिहावीत.

दुसऱ्या जोडतासिकेला खाडीचे पाणी आणावे. ते मुलांकरवी आणवू नये. खाडीत सांडपाणी मिसळते, म्हणून शिक्षकाने हातमोजे घालून जेट्टीवरून बाटली भरावी, वर्गात नळी फक्त एकाच मुलाने हाताळावी आणि शेवटी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. वाशीकडील खाडी समुद्राला जवळ आणि रुंद आहे, कळव्याकडील टोक अरुंद आहे, आणि पावसाळ्यात गोड्या पाण्याचा परिणाम तेथे अधिक जाणवतो. म्हणून ठाण्यातील एका शाळेने आणि नवी मुंबईतील एका शाळेने एकाच दिवशी, भरतीच्या वेळी बाटल्या भरून अदलाबदल केली तर तुलना अर्थपूर्ण होते. जुलै, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये हेच मोजमाप केले की पावसाचे पाणी खाडीत काय करते ते मुले स्वतः आलेखावर पाहतात. तिवराच्या पानांमागे मिठाचे कण का दिसतात, हा पुढचा प्रश्न मग मुलेच विचारतात. त्यासाठी तिवरांत शिरण्याची गरज नाही, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सहल नेता येते. ज्यांना याचा प्रकल्प करायचा असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे, आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीचा पूल ओलांडला की आलेच.

एक अडचण हमखास येते. वहीतील चुकीचा अंदाज पाहून पालक विचारतात की बाईंनी किंवा सरांनी तो खोडला का नाही. म्हणून जुलैच्या पालकसभेतच सांगून ठेवावे की प्रयोगापूर्वी लिहिलेला अंदाज तपासला जाणार नाही आणि खोडलाही जाणार नाही. त्याखाली मुलाने प्रयोगानंतर काय लिहिले, तेवढेच तपासले जाईल. मुख्याध्यापकांनाही वही तपासणीपूर्वी हे कळवावे, आणि शक्य असल्यास त्यांना एका जोडतासिकेला मुलांच्या टेबलाशी बसवून घड्याळाच्या वेळेसह नोंदी करायला सांगावे.