टेप वापरून अल्पायुषी केंद्रकांचा अर्धायुकाल मोजणे

न्यूट्रॉनसमृद्ध आयनांचा झोत मायलरच्या (पातळ पॉलिएस्टर पटलाच्या) टेपवर रोखा. टेपमागे पातळ प्लॅस्टिक सिंटिलेटर (कण आदळला की चमकणारा पदार्थ) बीटा कण टिपेल, शेजारचा जर्मेनियम डिटेक्टर गॅमा. आधी युरोपियम-152 या ज्ञात गॅमा रेषांच्या स्रोताने जर्मेनियम डिटेक्टरची ऊर्जा आणि कार्यक्षमता जुळवून घ्या.

झोत तीन अर्धायुकाल (अर्धी केंद्रके क्षय पावायला लागणारा काळ) चालू ठेवला की संपृक्ततेच्या (निर्मिती आणि क्षय समान होतात त्या पातळीच्या) 87.5 टक्के सक्रियता साठते; आणखी थांबलात तर वाढतात त्या मुख्यतः कन्या-केंद्रकांच्या, म्हणजे क्षयातून बनलेल्या केंद्रकांच्या मोजण्या. मग झोत तोडून आठ-दहा अर्धायुकाल मोजा, टेप सरकवा आणि जुना डाग शिशाच्या आडोशाला न्या.

बीटाच्या एकूण वक्राला एकच घातांकी फलन कधीही बसवू नका. त्यात कन्या-केंद्रकांचा क्षयही मिसळलेला असतो, म्हणून क्षयसाखळीतल्या प्रत्येक केंद्रकाची काळानुसार संख्या देणारी बेटमन समीकरणेच हवीत. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मूळ केंद्रकाच्या क्षयातली ओळखीची गॅमा रेषा बीटासोबत सहघटनेत (दोन्ही एकाच वेळी टिपले तरच मोजून) घेऊन तिचाच वक्र काढणे. सुरुवातीला दर जास्त असताना डेड टाइममुळे (एक मोजणी नोंदवताना यंत्रणा पुढची घेऊ शकत नाही त्या काळामुळे) मोजण्या सुटतात आणि अर्धायुकाल खोटाच लांबतो. ही दुरुस्ती आधी करा.

विलंबित न्यूट्रॉन (बीटा क्षयानंतर बाहेर पडणारे) निघत असतील, तर वस्तुमानांक एकने कमी असलेली साखळीही समीकरणात घ्या. हे न्यूट्रॉन मोजायला पॉलिथिनमध्ये बसवलेल्या हेलियम-3 नळ्या लागतात.