लिनक्सवर जाताय? आधी कार्डाचं बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "लिनक्स टाकतोय, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, लिनक्स कुठलं टाकतोयस? कारण एएमडी आणि इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतात. कर्नल कार्डापेक्षा जुना निघाला तर नवंकोरं कार्ड नुसतं पंखे फिरवत बसतं. मार्च २०२५ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ९०७० डेबियन १२ च्या ६.१ कर्नलवर लावलं तर हेच होणार. म्हणून आधी डिस्ट्रो (डेबियन, उबुंटू असा लिनक्सचा प्रकार) ठरवा, तिच्यातला कर्नल आणि मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा दुसरा भाग) कितवा आहे ते लिहून घ्या, मग दुकानाची पायरी चढा.

ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा कूडावर (एनव्हिडिया कार्डावर आकडेमोड करायची प्रणाली) पोट असेल तर एनव्हिडियाच घ्या, तिथे वाद नको. फक्त सेकंडहँड जीटीएक्स १०६० स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नका. त्या पिढीची गाडी ५८० मालिकेच्या ड्रायव्हरपाशी थांबली, पुढच्या मालिका तिला चालत नाहीत. म्हातारा बैल घेतोय हे माहीत असू द्या. जीटीएक्स १६५० किंवा त्यानंतरचं बघा. आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर उबुंटू ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतं, तो कागदावर लिहा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, जेमतेम दहा सेकंद थांबतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. मी पहिल्यांदा घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबलं आणि ड्रायव्हर का चालत नाही म्हणून अख्खा रविवार घालवला.

बाकीच्यांनी डोळे मिटून एएमडी घ्यावं असं माझं मत. एकच मेख: फोर-के टीव्हीवर १२० हर्ट्झ हवे असतील तर एचडीएमआयच्या भरवशावर राहू नका. एचडीएमआय २.१ खुल्या ड्रायव्हरमध्ये घालायला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या फोरमने २०२४ मध्ये नकार दिला. डिस्प्लेपोर्टवाला मॉनिटर असेल तर प्रश्नच नाही. इंटेल आर्क घ्यायचं तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, आहे का ते पाहा. नसेल तर विषय सोडा. व्हॅलोरंट हा गेम मात्र लिनक्सवर चालत नाही, कितीही महाग कार्ड घ्या.

एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) वॉट आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर तपासा, कॅबिनेटमधली जागा टेपने मोजून घ्या.

कार्ड लावलं की लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवा आणि सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे काय लिहिलंय ते वाचा. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर कार्ड झोपलंय, चित्रं प्रोसेसर काढतोय. इंटेल प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, नवं कार्ड रुसलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, तेव्हा जुनं कार्ड इतक्यात विकू नका. माझं जीटी ७१० अजून मोबाइलच्या खोक्यात पडून आहे, आणि दोनदा कामाला आलंय.