इलेक्ट्रिक शॉवर घरीच दुरुस्त करताय? मग या चुका टाळा

इलेक्ट्रिक शॉवर म्हणजे वाहतं पाणी स्वतःच तापवणारा शॉवर. त्यातून गरम पाणी येईना की आपलं ठरलेलं वाक्य असतं, कॉइल गेली. मीपण हेच म्हणालो होतो. नवीन एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइलच, आणलं, अर्धा दिवस घालवून बसवलं, आणि पाणी? तसंच गार. शेवटी सापडलं काय तर पाणी आत शिरतं तिथली नखाएवढी जाळी, वाळू आणि पांढऱ्या क्षारांनी गच्च भरलेली. ती जुन्या टूथब्रशने घासली आणि शॉवर चालू! म्हणजे जुनं एलिमेंट ठणठणीत होतं, मीच फेकून दिलं.

झालं होतं असं की या शॉवरमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा एक स्विच असतो, पुरेसं पाणी आल्याशिवाय तो हीटरला करंटच देत नाही. म्हणून आधी पाण्याची बाजू बघा मग विजेची. धार बारीक झालीय का, मेन कॉक पूर्ण उघडा आहे का, जाळी साफ आहे का. एवढ्यात बऱ्याच वेळा काम होऊन जातं.

थंडीत पाणी नुसतं कोमट येतं हा बिघाड नाही हो, तो हिशोब आहे. साडेआठ किलोवॅटचा शॉवर मिनिटाला 5 लिटर पाणी साधारण 24 अंशांनी तापवतो. आत येणारं पाणीच 10 अंशांचं असेल तर बाहेर 34 येणार, दुसरं काय. धार कमी करून 4 लिटरवर आणली की तेच 40 पर्यंत जातं. पण पूर्वी त्याच धारेला चटका बसायचा, आता पाणी जेमतेम कोमट आणि हे एकदम एका दिवसात झालं, तर मात्र आतल्या दोन एलिमेंटपैकी एक गेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आता सगळ्यात डेंजर चूक. पाणी गरम, मग गार, मग परत गरम असं होतं, कुणीतरी सांगतं थर्मल कटआऊट खराब झालाय, दोन वायरी डायरेक्ट जोडून टाक. अजिबात करू नका! पाणी प्रमाणाबाहेर तापलं की हीटर बंद करणं हेच त्याचं काम आहे, आणि तो बहुतेक वेळा खराब नसतो, तो ओरडून सांगत असतो की पाणी पुढे सरकत नाहीये. वरची चाळणी, जिच्या भोकांतून धारा पडतात ती, काढून उजेडात धरा. अर्धी भोकं बंद दिसली तर व्हिनेगरमध्ये काही तास भिजत ठेवा, मग भोकं सुईने हलकेच मोकळी करा. शॉवरच्या बुडातून पाणी गळत असेल तरी आधी हेच बघायचं, कारण चाळणी तुंबली की आत दाब वाढतो आणि तो सोडण्यासाठी दिलेला सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. नुसता व्हॉल्व्ह बदलला आणि चाळणी तशीच ठेवली तर तो परत उडणार. आणि गळती दिसली म्हणून कव्हरला चारी बाजूंनी सिलिकॉन फासू नका, गळणारं पाणी मग आतच वायरींवर साचतं.

कव्हर उघडायच्या आधी एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा मेन बोर्डवरचा स्विच) पाडा, घरात सगळ्यांना सांगा, आणि आत करंट नाही हे मल्टीमीटरने तपासा. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको, दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही असं नसतं. मग हात लावायच्या आधी मोबाईलवर वायरींचा फोटो काढा, मी नाही काढला आणि नंतर कुठली वायर कुठे यात तासभर गेला.

एलिमेंट तपासताना त्याच्या वायरी काढूनच तपासायच्या. 230 व्होल्टवर सव्वाचार किलोवॅटचं एक एलिमेंट साधारण 12 ओहम दाखवतं. रीडिंगच येत नसेल तर तुटलंय. एलिमेंट आणि अर्थिंगमध्ये मात्र काहीही रीडिंग यायला नको, आलं तर एलिमेंट बाद. मग आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो यात त्याची चूक नाही, तो तुमचा जीव वाचवतोय, बायपास करू नका.

टर्मिनल काळं पडलंय, प्लास्टिक वितळलंय? स्क्रू ढिला होता. साडेआठ किलोवॅट म्हणजे जवळपास 37 अँपिअर, एवढा करंट ढिल्या स्क्रूमधून गेला की ती जागा तापणारच. नुसता स्क्रू आवळून चालणार नाही, जळकी वायर कापून नवीन टोक काढायचं आणि टर्मिनलही बदलायचं. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणारे तर धन्यच, खालची वायर तीच असते ना, मग एमसीबी पडायच्या आधी वायर जळते. वायर, एमसीबी, अर्थिंग यातलं काही बदलायचं असेल तर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा, मीपण बोलावतो.

सगळं बसवून झालं की घाईत लगेच गरमवर टाकू नका. शॉवरच्या आतली पाणी तापवायची छोटी टाकी रिकामी असेल आणि एलिमेंट कोरडं तापलं तर काही सेकंदांत जळू शकतं, नवीन असलं तरी. आधी एक-दोन मिनिटं गार पाणी सोडा, फुसफुस थांबून धार एकसारखी झाली की मग गरमचं बटण.