दुसरा हात उद्या: डिजिटल चित्रकाराने दिवस कसा लावायचा

माझे बाबा कोल्हापुरात बोर्ड रंगवायचे, दुकानांचे, दवाखान्यांचे, कधीकधी ट्रकच्या मागचे पण. ऑइलपेंटचा पहिला हात मारला की तो वाळेपर्यंत दुसरा हात मारता यायचा नाही, मग बाबा ब्रश रॉकेलमधे धुवून ठेवायचे, आणि उजेड गेला की काम बंद, संध्याकाळी सातला ते घरी असायचेच. मी गेली नऊ वर्षं टॅबलेटवर चित्रं काढतेय आणि माझ्या कामात वाळणं हा प्रकारच नाही. रंग संपत नाही, कागद फाटत नाही, उजेड जात नाही, पाणी बदलायला पण उठावं लागत नाही, त्यामुळे रात्री दोन वाजता सुद्धा अजून एक लेअर, म्हणजे चित्रावर नवा थर, टाकता येतो. आपली जी ओढाताण होते ना, काम, शिकणं आणि घर यांच्यात, ती मला वाटतं इथूनच सुरू होते. मेहनत आपण भरपूर करतो, पण या कामात आपोआप थांबायची जागाच नाहीये. ती आपल्यालाच करावी लागते. मी कशी केली ते लिहिते, त्यातलं तुम्हाला जमेल ते घ्या.

आधी दोन आठवडे फक्त वेळ लिहून ठेवा. वहीत, साधं, कधी बसलो कधी उठलो. मी लिहिलं तेव्हा कळलं की ज्या कथाचित्राला मी ‘दोनतीन तास’ म्हणायचे त्याला खरे साडेपाच तास लागतात आणि मुखपृष्ठाला चौदा. म्हणजे एका आठवड्यात किती कामं घेऊ शकते हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, आणि त्या न मोजलेल्या तासांची भरपाई झोपेतून आणि घरातून होत होती.

आता शिकण्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. रोज आठ तास क्लायंटचं काम करतोय म्हणजे हात आपोआप सुधारतोय असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. डेडलाइन डोक्यावर असली की माणूस जे आधीच येतं तेच काढतो. मी एकदा माझी दोन वर्षांची दिवाळी अंकातली चित्रं एकापुढे एक लावून बघितली तर एकाही माणसाचे हात धड दिसत नव्हते, कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, कुणाचे पदराखाली. मला हात काढता येत नव्हते आणि मी ते सलग दोन वर्षं लपवत होते. तुमची चित्रं अशी शेजारी लावून बघा, आपण काय टाळतो ते लगेच दिसतं, आणि तोच तुमचा अभ्यासक्रम.

मग मी सहा आठवडे फक्त हात काढले. सकाळी क्लायंटची फाइल उघडायच्या आधी चाळीस मिनिटं, टायमर लावून. यातलं ‘आधी’ महत्त्वाचं आहे, कारण ‘काम संपल्यावर प्रॅक्टिस करू’ म्हटलं की ती होत नाही, काम संपतच नाही. सासूबाई मेथी निवडत असताना त्यांच्या हातांचे फोटो काढले, माझ्याच डाव्या हाताचे काढले, आणि एक ब्रश, एक लेअर, कंट्रोल झेड (मारलेली रेघ मागे घ्यायची सोय) बंद, पाच मिनिटात एक हात. कंट्रोल झेड बंद का, तर ते हाताशी असलं की आपण न बघता रेघ मारतो, आवडली नाही, पुसली, परत मारली, एकाच रेघेला वीस वेळा. ते नसलं की रेघ मारायच्या आधी नीट बघावं लागतं आणि शिकणं खरं त्या बघण्यात आहे. फाइलला तारीख टाकून फोल्डरमधे ठेवायची, महिना संपेपर्यंत उघडायची नाही.

नवीन ब्रश डाउनलोड करणं, सेलमधे कोर्स घेऊन ठेवणं, दुसऱ्यांचे स्पीडपेंट, म्हणजे चित्र काढतानाचे भरभर पळवलेले व्हिडिओ, बघणं, हे शिकल्यासारखं वाटतं पण शिकणं नव्हे. पहिला कोर्स पूर्ण झाल्याशिवाय दुसरा घेऊ नका. सॉफ्टवेअरची पण तीच गोष्ट, क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि छापायच्या कामाला पुरतं, मी त्यातच करते.

आणि आठवड्यातून एकदा स्क्रीन सोडून वही घेऊन बाहेर जा. मी रविवारी सकाळी रंकाळा तलावावर जाते, मुलगी बरोबर असते, तिची वेगळी वही. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी हाच रंकाळा आणि त्यातला संध्यामठ रंगवलाय, आणि एकाच जागी परत परत गेल्यावर मला कळलं की जागा तीच असली तरी आषाढातलं पाणी आणि माघातलं पाणी यांचा रंग पूर्ण वेगळा आहे. माझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्यात चांगल्या मुखपृष्ठाचे रंग तिथूनच आलेत.

थांबायची जागा म्हणाले ती अशी. कुठलंही चित्र ज्या दिवशी पूर्ण होतं त्या दिवशी पाठवायचं नाही. पहिला हात आज, दुसरा हात उद्या, मधे झोप. सकाळी फाइल उघडली की आधी चित्र आरशासारखं उलटं करून बघायचं, क्रितात एम दाबला की होतं, मग काळंपांढरं करून बघायचं. रात्री दोन तास घासून जी चूक सापडत नाही ती सकाळी दहा मिनिटात सापडते, एक डोळा वर गेलेला, नाहीतर मागचं झाड चेहऱ्याइतकंच गडद झालेलं. यासाठी क्लायंटला तारीख सांगताना एक दिवस जास्तीचा सांगायचा, बस.

रात्रीची झोप खाणारी अजून एक गोष्ट म्हणजे चुकीची फाइल. ए-४ ला ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, काम सुरू करायच्या आधीच बघून घ्या, आणि सीएमवायकेमधे, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, स्क्रीनवरचे चमकणारे हिरवे-निळे मंद होतात ते पण आधीच तपासा. मी एक अख्खं मुखपृष्ठ ७२ डीपीआयवर केलं होतं आणि ते परत काढायला दोन रात्री गेल्या.

शरीराचं थोडक्यात: दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघा, लांब रेघा मनगटातून न मारता कोपर-खांद्यातून मारा, आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं किंवा बोटांना मुंग्या यायला लागल्या तर ‘सीझन संपू दे’ म्हणू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. मी थांबले नाही आणि नंतर दोन महिने पेन धरता आला नाही.

घराचं मात्र मला सगळ्यात उशिरा कळलं. दिवाळी अंकांचं काम श्रावण-भाद्रपदात येतं, म्हणजे बरोबर गौरी-गणपतीत. एका वर्षी बाहेर सासूबाई आणि मुलगी गौरीला साडी नेसवत होत्या आणि मी आतल्या खोलीत एका बाईच्या केसांचा रंग चौथ्यांदा बदलत होते. मुलगी दारात येऊन ‘आई, झालं का’ विचारायची, मी ‘पाच मिनिटं’ म्हणायचे, चार वेळा म्हणाले. तिने पाचव्यांदा विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी घरात ‘पाच मिनिटं’ म्हणत नाही. ‘साडीचे काठ झाले की उठते’ असं म्हणते आणि काठ झाले की खरंच उठते, पेन ड्रॉवरमधे जातो. मुलगी आता स्क्रीनवर बघून सांगते, आई काठ झाले. आणि क्लायंटला कामाच्या आधीच एका मेसेजमधे लिहून देते: अर्धे पैसे आधी, बदल दोन वेळा, तिसऱ्याचे वेगळे पैसे, फोन संध्याकाळी सातपर्यंत. लिहिताना भीती वाटली होती की कामं जातील. एक संपादक गेले, बाकीच्यांनी फक्त ‘ओके’ लिहिलं.

यंदा गौरीचे तीन दिवस मी जूनमधेच कॅलेंडरवर लाल करून ठेवले आणि सहाऐवजी चार अंक घेतले. साडीचा रंग मुलीने ठरवलाय, जांभळा.