हस्त लागतोय, घरच्यापुरती करडई टाकून घ्या

मंडळी, सप्टेंबर संपत आलाय, दोन-चार दिवसांत हस्त नक्षत्र लागेल, आणि या टायमाला सगळ्यांचं डोकं ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीत असतं. तरी एक काम मधेच उरकून घ्या. परसात, बांधाच्या कडेला, नाहीतर गच्चीवरच्या क्रेटमध्ये मूठभर करडई टाका. तेलासाठी नाही, भाजीसाठी. आमच्या बार्शीकडं पूर्वी हरभऱ्याच्या कडेनं करडईचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, असायचेच, जनावर आत शिरत नव्हतं आणि दिवाळीच्या पुढं-मागं घरात कोवळी भाजी यायची. आता सोयाबीन आलं, काटेरी करडई काढायला माणूस मिळेना, मग तास गेले आणि त्यांच्यासोबत भाजी पण गेली. बाजारात जुडी दिसली तर नशीब.

इटली-स्पेनकडं कार्डून म्हणून एक काटेरी भाजी घराच्या बागेत लावतात, ती करडईच्याच कुळातली. तिचे देठ कागदात गुंडाळून ठेवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणजे कडूपणा कमी होतो आणि देठ मऊ पडतात. आपल्या करडईला एवढा खटाटोप नाही, तिचं सगळं गणित वयावर आहे. कोवळी तोडली तर भाजी, आठ-दहा दिवस चुकले तर काटे.

बियाण्याचं आधी सांगतो कारण इथंच बरेच जण चुकतात. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी-लाल रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते पेरणीसाठी ठीक आहे पण वीस-पंचवीस दिवसांत जे रोप आपण खाणार त्याच्यासाठी मी ते कधीच वापरणार नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घरचं साधं बी घ्या. पोपटाचं खाद्य म्हणून जी करडई मिळते ती पण उगवते, फक्त जुनी आहे का ते बघायला वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, पाच-सहा दिवसांत पंधराच्या वर मोड आले तर बिनधास्त पेरा. टरफल टणक असतं म्हणून पेरायच्या आदल्या रात्री बी पाण्यात भिजत टाका आणि सकाळी सावलीत सुकवून घ्या.

भाजीसाठी जात कुठलीही चालते, भीमा म्हणा, परभणी कुसुम म्हणा. पण फुलं पण काढायची असतील आणि घरात लहान पोरं असतील तर बिनकाट्याची बघा, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं काढलेली नारी-6 तशी आहे. शेतातल्या पिकाला दोन ओळीत 45 सेंमी आणि दोन रोपांत 20 सेंमी अंतर सांगतात, भाजीला एवढं लागत नाही. वीतभर अंतरावर रेघा ओढा, बी इंचा-इंचावर टाका, इंच-दीड इंच खोल, वरून माती हातानं दाबून घ्या. सगळं बी एकदम टाकू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा टाका म्हणजे नोव्हेंबरभर कोवळी भाजी चालू राहते. त्याच्या पुढं उशीर केला की थंडीत वाढ मंद होते आणि मावा ही कीड जास्त येते.

आता पाणी. करडई पाण्यानं मरते, पाण्यावाचून नाही, हे मनात पक्कं धरा. तिची मुळी सरळ खाली जाते, काळ्या रानात पाच-सहा फूट सहज, म्हणून तर कोरडवाहूत ती टिकते. मी पहिल्या वर्षी गच्चीवर क्रेटमध्ये लावली आणि मेथीसारखं रोज संध्याकाळी पाणी घालत गेलो. रोपं चांगली बोटभर झाली होती, मग एका सकाळी चार माना टाकलेली दिसली, दुसऱ्या दिवशी नऊ, उपटून बघितलं तर बुडाशी मुळी काळी पडून सडलेली. क्रेटच्या तळाला पाणी साचत होतं आणि वरची माती सुकलेली दिसली की मी अजून ओतत होतो. तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत घालून बघतो, ओल लागली तर पाणी नाही. क्रेटला खालून भोकं पाडा, मातीत थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, खोली निदान एक फूट हवी. ताजं शेण नको. परसातली माती भारी असेल तर उंच वाफा करा, सपाट वाफ्यात परतीचा पाऊस तुंबला तर सगळंच जाईल.

उगवल्यावर बारा-पंधरा दिवसांनी दाट जागेतली रोपं उपटा, हीच पहिली भाजी आणि सगळ्यात गोड. राहिलेली तीन-चार बोटांवर ठेवा. पुढं पंचवीस दिवसांच्या सुमारास रोज सकाळी एक पान हातात घ्या आणि कडेवरून अंगठा फिरवा. कड मऊ लागली तर अजून वेळ आहे, दातरी टोकं नुसती जाणवायला लागली तर त्याच दिवशी खुडा, आणि टोचलं तर ती पानं भाजीतून गेली, शिजवून पण घशाला लागतात. खुडताना शेंडा मोडला तर काळजी नको, बाजूनं फांद्या फुटतात आणि पुढं बोंडं जास्त धरतात.

मावा डिसेंबरात आभाळ आलं की येतो, काळा, शेंड्याला आणि पानाच्या खाली चिकटलेला. भाजीचं पीक तोवर निघालेलं असतं. फुलासाठी ठेवलेल्या झाडांवर दिसला तर आधी जोरात पाणी मारून धुवा, लेडीबर्ड किडे फिरत असतील तर दोन-तीन दिवस थांबा, ते बराच मावा खातात. तरी वाढला तर 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. घरच्या खायच्या पिकावर जहाल औषध मारू नका.

भाजी करायची पद्धत आमच्या आईची सांगतो. पानं निवडून दोन-तीन पाण्यातनं धुवायची आणि बारीक चिरायची, जाड ठेवली तर चरचरीत लागते. अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवलेली. तेलात मोहरी, जिरं, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, मग डाळ परतून त्यावर भाजी, झाकण ठेवून मंद आचेवर. मीठ शेवटी, कारण कढईभर भाजी आळून वाटीभर होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. डाळीऐवजी ज्वारीच्या कण्या घालतात ती पण फार छान होते, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी आणि गरम भाकरी. एकदम कोवळी असेल तर शिजवूच नका, चिरून कांदा, दाण्याचा कूट, मीठ आणि कच्चं तेल घालून घोळाणा करा. तेल घाण्याचं करडईचं मिळालं तर तेच घ्या.

चार-पाच झाडं मात्र फुलासाठी सोडा, त्यांना हातभर अंतर द्या. पेरल्यापासून साधारण अडीच महिन्यांनी पिवळी-केशरी फुलं येतात, मधमाशा भरपूर. पाकळ्या लगेच ओढू नका. त्या लाल पडून सुकायला लागल्या की सकाळी दव असताना काढा, तेव्हा काटे मऊ असतात आणि बी भरायचं थांबत नाही. सावलीत वाळवून बरणीत भरा, चहासारख्या उकळून पितात, भाताला रंग पण येतो. ह्याच पाकळ्या काही जण केशर म्हणून खपवतात, एकदा घरच्या बघितल्या की बाजारात फसणार नाही. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हा चहा घेऊ नये.

पानं-बोंडं वाळून तपकिरी झाली की सकाळी लवकर, हातात जाड मोजे घालून झाडं काढा, गोणपाटावर काठीनं झोडपा आणि पाखडून घ्या. त्यातलं वाटीभर बी कोरड्या डब्यात कडुलिंबाचा पाला टाकून ठेवा, पुढच्या हस्ताला तेच पेरायचं.