परदेशात सेवेला जाऊन आलेल्यांचा गट आपल्या तालुक्यात कसा उभा करायचा

कोकणात परदेशाहून आलेला माणूस म्हटला की लोकांना दोनच प्रकार माहीत, एक गल्फवाला आणि दुसरा बोटीवरचा. दोघंही येताना बॅगा भरून येतात आणि दोन-तीन वर्षांत घरावर स्लॅब पडतो. मी २०१७ला आफ्रिकेतल्या मलावीहून परत आले तेव्हा माझ्या बॅगेत दोन चितेंजे (तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते कापड) आणि तिकडच्या चहाची चार पाकिटं होती, बस. वाडीतल्या आजीचा पहिला प्रश्न, "काय गो बाय, तिकडे पैशे किती गावले?" मी म्हटलं भत्ता होता, राहण्याजेवण्यापुरता. ती "बरां" म्हणाली आणि विषय संपला. दोन वर्षं मी तिथल्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणं केली होती, २०१६चा दुष्काळ डोळ्यांनी बघितला होता, आणि ते सांगायला घरात माणसं असूनही कोणी नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही युएनव्हीतून (युनोचा स्वयंसेवक पाठवणारा विभाग) गेला असाल, व्हीएसओतून (तसंच काम करणारी मूळची इंग्लंडची संस्था), एखाद्या डॉक्टरांच्या संस्थेतून किंवा मिशनमधून, देश कुठलाही असो, परत आल्यावर आपल्यासारखी चार माणसं जवळपास असणं फार गरजेचं आहे. डॉ. कोटणीसांची गोष्ट सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते, १९३८ला पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले आणि कोटणीस १९४२ला तिथेच वारले. पण बाकीचे चौघं परत आले ना, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, ते कुठे कोणाला माहीत असतात. परत आलेल्याचं काय होतं हा प्रश्नच आपल्याकडे पडत नाही.

तर सुरुवात माणसं शोधण्यापासून. आमची पहिली चूक इथेच झाली. आम्ही व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला, "परदेशी स्वयंसेवकांनी संपर्क साधावा". स्वयंसेवक म्हटल्यावर निम्म्या लोकांना ती एखादी संघटना वाटली, काहींना एनएसएस वाटलं, आणि तिघांनी नोकरीसाठी बायोडेटा पाठवला. मग मेसेज बदलला, "पगाराशिवाय किंवा नुसत्या भत्त्यावर परदेशात कामाला जाऊन आलात का? नर्स, डॉक्टर, शिक्षक, शेती, पाणी, बांधकाम, काहीही. आपण भेटूया." पंधरा दिवसांत पाच फोन आले. नर्सिंग कॉलेजच्या जुन्या बॅचेसमध्ये विचारा, चर्चमध्ये विचारा कारण सिंधुदुर्गातल्या कित्येक सिस्टर्स आफ्रिकेत राहून आलेल्या असतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेल्यांमध्ये विचारा, नेपाळच्या २०१५च्या भूकंपानंतर तिकडे गेलेले इंजिनिअर शोधा. यातले बरेचजण स्वतःला असं काही म्हणवूनच घेत नाहीत, "दोन वर्षं तिकडे होतो" एवढंच सांगतात, म्हणून तुम्हीच विचारायला लागतं. चार माणसं मिळाली की पुरे, थांबू नका.

एक गट अख्ख्या कोकणाचा करायला जाऊ नका. खेडचा माणूस कुडाळला दर महिन्याला येणार नाही, नकाशावर कोकण किनारा एक वाटतो पण प्रवासाला दिवस जातो. दोन तालुक्यांचा एक गट ठीक. जागा अशी बघा की स्टँडपासून चालत जाता येईल, रेल्वे स्टेशनजवळची नको, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी स्टेशन गावापासून लांब आणि परत रिक्षाचे पैसे. आम्हाला सगळ्यात चांगलं जमलं ते वाचनालयात. कोकणात ही सोय जुनी आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं, आणि लहान गावांतही एखादी खोली असतेच, रविवारी सकाळी मोकळी असते, कार्यवाहांना भेटून नीट सांगितलं तर भाडंही घेत नाहीत. कोणाच्या घरी पहिली भेट ठेवू नका, घरच्या बाईचा अख्खा दिवस चुलीपाशी जातो आणि पाहुण्यासारखं बसलं की मोकळं बोललं जात नाही.

वेळ दहा ते एक. संध्याकाळची ठेवली की लांबच्या वाडीतल्यांची शेवटची एसटी चुकते आणि पुढच्या वेळी ते येत नाहीत. महिने पण बघून ठरवा, जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, एप्रिल-मेमध्ये ज्याची बाग आहे तो आंब्याच्या पेट्या सोडून कुठेही येणार नाही. गणपतीत चाकरमानी येतात म्हणून मोठी भेट तेव्हा ठेवायचा मोह होतो पण तेव्हा प्रत्येकाच्या घरी आरत्या, भजनं, गौरी, कोणाला उसंत नसते. आम्ही वर्षातली मोठी भेट ५ डिसेंबरच्या जवळच्या रविवारी घेतो, तो आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे, युनोने १९८५ला ठरवलेला, आणि आपल्याकडे तेव्हा भात घरात आलेलं असतं, हवा छान असते, मोहोराची फवारणी असली तरी तीन तास निघतात.

आता पहिल्या भेटीत काय करायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. काहीही ठरवायचं नाही. नाव नाही, अध्यक्ष नाही, उद्दिष्टं नाहीत. प्रत्येकाला वीस मिनिटं द्यायची, मध्ये कोणी बोलायचं नाही, आणि येताना तिकडची एक वस्तू आणायची. आमच्यातले एक डॉक्टर दक्षिण सुदानला होते, घरी कधी एक शब्द बोललेले नाहीत, त्यांनी एक प्लास्टिकचं साधं ब्रेसलेट टेबलावर ठेवलं, लहान मुलाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी असते ती, हिरवा-पिवळा-लाल रंग असतो, लालमध्ये आलं की पोर कुपोषणाने गंभीर. ती पट्टी हातात फिरवत ते वीसची चाळीस मिनिटं बोलले आणि कोणीही घड्याळ बघितलं नाही. त्या दिवशी मला कळलं की गट कशासाठी हवा होता.

जेवण तिकडचं करा, हे मी आग्रहाने सांगते. मलावीत रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. आपल्याकडे ते पीठ मिळत नाही म्हणून मी तांदळाच्या पिठाची केली, मोदकाला काढतो तशीच उकड फक्त जास्त घट्ट, आणि सोबत लाल माठ शेंगदाण्याचं कूट लावून, तिकडे पाल्याला असंच कूट लावतात. जेवायच्या आधी एकाने तांब्याने सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं, तेही तिकडचंच. इथिओपियाला राहून आलेल्या सिस्टरांनी कॉफी केली, बिया तव्यावर भाजून धूर सगळ्यांना हुंगायला देऊन मग कुटून, अख्खा तास लागतो, आणि त्या तासात ज्या गप्पा झाल्या त्या कुठल्याही अजेंड्यात बसल्या नसत्या.

दोन नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, हा एक. आणि तिकडच्या पेशंटचे, मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, आपल्या पोराचा उपाशी असतानाचा फोटो कोणी परक्या देशातल्या व्हॉट्सअॅपवर फिरवला तर आपल्याला चालेल का.

तब्येतीचं बोलणंही गटात व्हायला हवं आणि ते लाजून टाळू नका. पावसाळ्यात कोकणात ताप आला की डॉक्टर लेप्टो, डेंग्यू बघतात, बरोबरच आहे, पण तुम्ही आफ्रिकेतून आला असाल तर वर्षभर तरी प्रत्येक तापाला "मी अमुक देशात होतो, मलेरियाची तपासणी करा" हे स्वतःहून सांगा, तिकडचा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया फार झपाट्याने बिघडतो. मलावीच्या तळ्यात पोहलेल्यांनी बिलहार्झियाची तपासणी करून घ्या, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून येणारी कृमी असते, लघवीतून रक्त जाणं हे लक्षण कधीकधी महिन्यांनी दिसतं, प्राझिक्वांटेल या गोळीने बरं होतं पण आधी कोणाच्या लक्षात यायला हवं. हा रोग आपल्याकडे नाहीच असं डॉक्टर सांगतील, त्यांना सांगा की भारतात त्याची नोंद झालेली जागा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे, गुहागरकडचं गिमवी गाव, १९५०च्या दशकातली.

आणि मनाचं. परत आल्यावर पहिला महिना बरा जातो, सगळे भेटायला येतात. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतं की आपण कुठेच बसत नाही. मलावीत जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे घरातला मका संपलेला आणि नवा यायचाय असे उपासमारीचे महिने, आणि मी त्याच महिन्यात इथे एका लग्नात ताटातलं टाकलेलं अन्न बघून चुलत नणंदेला नको ते बोलले, भर मांडवात. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. ते मी गटात सांगितलं तेव्हा तिघांनी स्वतःचे असेच प्रसंग सांगितले. झोप लागत नसेल, तिकडचंच डोळ्यासमोर येत असेल तर गटाबरोबरच डॉक्टरकडेही जा, सरकारचा टेलिमानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) नंबर १४४१६ मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

रजिस्ट्रेशन. इथे आम्ही वर्ष घालवलं. सहा महिन्यांतच कोणीतरी म्हणालं संस्था करूया, सात सभासद लागतात, घटना लिहा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेऱ्या, आणि अध्यक्ष कोण यावरून दोन चांगली माणसं दुरावली, त्यातलं एक अजून परत आलेलं नाही आणि मला ते फार लागतं. संस्था केली की दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट, हे सगळं कोण करणार ते आधी ठरवा. भेटायला, बोलायला, शाळेत जायला रजिस्ट्रेशन लागत नाही. वर्गणी शंभर रुपये काढा, वहीत लिहा, दर भेटीत वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र अगदी नीट लक्षात ठेवा, बाहेरच्या देशातून पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्याबरोबर काम केलेली इंग्लंडची मैत्रीण प्रेमाने म्हणेल मी तुमच्या ग्रुपला पाठवते, तिला प्रेमानेच नाही म्हणा. गटासाठी परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची सरकारी नोंदणी) लागतं, त्यासाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत कामावर पंधरा लाख खर्च केलेली लागते, खातंही स्टेट बँकेच्या दिल्लीच्या एकाच शाखेत. कोणाच्या स्वतःच्या खात्यावर मागवून गटाला वापरूया असलं तर मुळीच नको.

गट वर्षभर टिकला की मग काम आपोआप सुचतं. आम्ही झेडपीच्या शाळांपासून सुरुवात केली. मुलांना आफ्रिका म्हणजे सिंह आणि उपासमार एवढंच माहीत, म्हणून मी तळ्याकाठी उसिपा वाळत घातलेल्याचा फोटो दाखवते, बोटभर मासे मांडवावर पसरून वाळवतात. मालवणच्या पोरांना एका सेकंदात कळतं, "बाई, ही तर आमची सुकी मासळी!" मग ती पोरं स्वतःच विचारतात, त्यांना मीठ किती लावतात, पावसात काय करतात, भाव कोण ठरवतो.

दुसरं काम पावसाळ्याआधीचं. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मदत खूप आली पण कोणाला काय मिळालं, अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरलेली कोण हे हुडकण्यातच वेळ गेला. आपत्तीत काम करून आलेल्या माणसाला हे माहीत असतं, यादी आधी असायला हवी. मे महिन्यात आशाताई आणि ग्रामपंचायतीबरोबर बसून वाडीनिहाय यादी करा, कोणाला कोण उचलून आणणार ते नावासकट, आणि जलसुरक्षकाबरोबर (गावचं पिण्याचं पाणी तपासणारा माणूस) विहिरींची टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची), ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) बघा. त्यांच्या हाताखाली करा, त्यांना शिकवायला जाऊ नका. आपण तिकडे गेलो तेव्हा पहिले सहा महिने शिकतच होतो ना, तसंच इथेही.

नवीन जाणारे विचारायला येतात तेव्हा खरं सांगा, भत्ता किती पुरतो, वीज किती तास असते, घरच्यांची किती आठवण येते. जागा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर युएनव्ही अर्जापासून जाईपर्यंत एक रुपयाही फी घेत नाही एवढं त्यांना ठणकावून सांगा.

आणि एक वही ठेवा, कोण कुठे गेलंय आणि कधी परत येणार याची. परत येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात फक्त फोन. तिसऱ्या महिन्यात मात्र घरी जायचं, सकाळी, हातात काहीतरी घेऊन, आणि विचारायचं की तिकडे तुझा दिवस कसा सुरू व्हायचा. आमच्या वहीत आत्ता टांझानियाहून येणारी एक मुलगी आहे, फेब्रुवारीत येते, मे महिन्याच्या पानावर तिच्या नावापुढे माझं नाव लिहिलंय.